सेकंड हँड लक्झरी एसयूव्ही: टोकन देण्याआधी काय तपासायचं आणि चावी हातात आल्यावर खर्च कसा आवरायचा

ऐंशी-नव्वद लाखांची एसयूव्ही आठ-दहा वर्षांनी पंधरा-वीस लाखांत मिळते. तिचा हेडलाइट, टर्बो आणि एअर स्प्रिंग मात्र अजूनही ऐंशी-नव्वद लाखांच्या गाडीचेच असतात. गाडीचा भाव उतरतो, सुट्या भागांचा उतरत नाही. हा हिशेब बहुतेकांना पहिल्या मोठ्या बिलाच्या दिवशी कळतो.

लोक फसतात ते मुख्यतः क्रम चुकल्यामुळे. आधी टोकन देतात आणि मग तपासणी करतात. पैसे देऊन झाल्यावर कागद बघतात. दोष शोधायच्या आधीच पार्ट बदलून मोकळे होतात. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच वापरा. यातली उदाहरणं मुख्यतः तीन लिटर, सहा सिलिंडर डिझेलची आहेत: मर्सिडीज एमएल, जीएल, जीएलएस, बीएमडब्ल्यू एक्स५, ऑडी क्यू७ आणि लँड रोव्हर डिस्कव्हरी. आपल्याकडच्या बाजारात याच गाड्या जास्त फिरतात.

## टप्पा १: पैशाचे दोन ढीग करा

हातात वीस लाख असतील तर गाडी पंधरा लाखांपर्यंतचीच बघा. उरलेले पाच लाख गाडीचेच आहेत, फक्त ते अजून खर्च झालेले नाहीत. एकूण रकमेचा किमान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणं हा आमच्या मते खालचा आकडा आहे. कर्ज काढून घेणार असाल तर हप्ता या ढिगातून जाता कामा नये. ज्याच्याकडे हा दुसरा ढीग नाही, त्याने याच पैशात नवी साधी एसयूव्ही घ्यावी, असं आम्ही मनापासून सांगतो.

मग फोन उचला. ज्या मॉडेलचा विचार चालू आहे, तशा एखाद्या विक्रीच्या गाडीचा चासी नंबर मागून घ्या आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरला या सात वस्तूंचे भाव विचारा:

- पुढची एक एअर स्प्रिंग (हवेच्या दाबावर गाडी तोलणारी रबरी पिशवी)
- एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर
- एक हेडलाइट
- पुढचे दोन्ही डिस्क, पॅड आणि वेअर सेन्सर
- एक इंजेक्टर
- टर्बो
- डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर)

चासी नंबर दिल्याशिवाय सांगितलेला भाव धरू नका. एकाच मॉडेलमध्ये साध्या स्प्रिंगची आणि एअर सस्पेन्शनची अशा दोन्ही गाड्या असतात आणि हेडलाइटचेही दोन-तीन प्रकार असतात. हेच भाव एखाद्या चांगल्या खासगी गॅरेजकडूनही घ्या. दोन रकाने भरलेला तो कागद सौदा करताना उपयोगी पडेल.

तपासा: घरापासून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत त्या ब्रँडचं योग्य निदान यंत्र असलेलं गॅरेज आहे का? मर्सिडीजसाठी झेंट्री, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, ऑडीसाठी ओडिस. पुण्या-मुंबईत अशी गॅरेजेस सापडतात. तालुक्याच्या गावी राहत असाल तर गाडी टो करून किती लांब न्यावी लागेल, तेही खर्चात धरा.

## टप्पा २: गाडी बघायला जाण्याआधी कागद

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की कितवा मालक, नोंदणीची तारीख, विमा, फिटनेस आणि बँकेचा बोजा एवढं दिसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर थकलेले दंड बघा. बँकेचा बोजा अजून चढलेला असेल तर ‘कर्ज फिटलंय, फक्त कागद यायचाय’ या बोलण्यावर विसंबू नका. बँकेचं ना-हरकत पत्र आणि सहीचा फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) डोळ्यांनी बघा.

पुढचा कागद म्हणजे सर्व्हिसचा इतिहास. मालकाने चासी नंबर देऊन सांगितलं तर सर्व्हिस सेंटर तो काढून देतं. त्यात तीन गोष्टी शोधा: किलोमीटर प्रत्येक वेळी वाढलेच आहेत का, दोन सर्व्हिसमध्ये वर्षापेक्षा जास्त खंड आहे का, आणि एखादी मोठी दुरुस्ती सुचवलेली असूनही ग्राहकाने नाकारलेली आहे का. नाकारलेली दुरुस्ती आता तुमच्या गळ्यात पडणार आहे.

गाडी कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड या भागातली असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यातल्या नोंदी वेगळ्या तपासा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पुराचं पाणी शिरलं होतं. त्या महिन्यांनंतर लगेच मालक बदललेला दिसला तर विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

### दिल्लीची स्वस्त गाडी

दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिकडे जुन्या डिझेल एसयूव्हीचा भाव पडतो. तीच गाडी इथे ‘दिल्ली पासिंग, एनओसी तयार’ म्हणून विकायला येते. दिसणारा भाव हा खरा भाव नसतो. त्यात महाराष्ट्राचा रोड टॅक्स मिळवावा लागतो. इथे वीस लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला वैयक्तिक नावावर १५ टक्के दर आहे. कंपनीच्या नावावर किंवा इम्पोर्टेड गाडीला तो आणखी जास्त आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, पण हिशेब मूळ बिलाच्या किमतीवरून सुरू होतो, तुम्ही दिलेल्या किमतीवरून नाही. त्यामुळे मूळ बिलाची प्रत मागा आणि सौदा करण्याआधी आरटीओत नेमका आकडा काढून घ्या.

एनओसी (आरटीओचं ना-हरकत पत्र), म्हणजे फॉर्म २८, ठरावीक आरटीओच्या नावाने निघते. तुमचा पत्ता पिंपरी-चिंचवडचा आणि एनओसी पुण्याच्या नावाने, असं झालं की परत दिल्लीच्या वाऱ्या सुरू होतात. इथे आल्यावर फॉर्म २७ भरून नवा नंबर घ्यायचा असतो. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवता येत नाही.

सावध: आरसीवरचा मोबाइल नंबर मालकाचा चालू नंबर आहे का, हे आत्ताच विचारा. नाव बदलताना ओटीपी त्या नंबरवर जातो. मधल्या एजंटचा किंवा बंद पडलेला नंबर असला की सगळं तिथेच अडकतं.

## टप्पा ३: इंजिन थंड असताना पोचा

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा की गाडी सकाळी तुम्ही आल्यावरच चालू करायची. पोचलात की बॉनेट उघडून इंजिनवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवसाची तपासणी तिथेच थांबवा आणि दुसरी वेळ घ्या. गरम इंजिन टायमिंग चेनचा (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) आवाज आणि सुरुवातीचा धूर लपवतं. इंजेक्टरचं अडखळणंही गरम इंजिनात कळत नाही.

चालू करण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. एअर सस्पेन्शन असेल तर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. डावं-उजवं अंतर सारखं यायला हवं. रात्रभर उभ्या गाडीचा एक कोपरा बोटभर खाली बसलेला असेल तर त्या कोपऱ्यात हवा गळते आहे. मोजमाप कागदावर लिहून ठेवा, मग गाडी चालू करा. खाली गेलेला कोपरा वर यायला किती वेळ लागतो आणि कॉम्प्रेसर घरघरतो का, तेही बघा.

रेडिएटरच्या टाकीचं झाकण थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा चॉकलेटी साय नको. ऑइल भरायच्या झाकणाखालीही दुधाळ साय नको.

आता एकाला चावी देऊन तुम्ही बॉनेटपाशी उभे राहा. पहिले तीन सेकंद फक्त ऐका. बीएमडब्ल्यूच्या तीन लिटर डिझेलमध्ये, म्हणजे एन५७ इंजिनात, आणि ऑडीच्या तीन लिटर टीडीआयमध्ये टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे असते. म्हणून कान काचेकडच्या भिंतीपाशी न्या. तिथे साखळी डब्यात हलवल्यासारखा खडखडाट एक-दोन सेकंदांहून जास्त टिकला तर समजा, चेनचं काम आलं. हे काम गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवूनच होतं, म्हणून चेनपेक्षा मजुरीचं बिल मोठं येतं.

पुराच्या पाण्याची खूणही आत्ताच शोधा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. बाहेरचा भाग धुतलेला असतो, गुंडाळीच्या आत राहिलेल्या भागावर मात्र गाळाची रेघ दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा बघा, गालिचा कोपऱ्यातून उचलून खालचा फोम दाबा. ओल म्हणजे पूरच असं नाही. पॅनोरामिक सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या तरी पाणी आत येतं. पण या गाड्यांत बरेच कंट्रोल मॉड्यूल (गाडीचे छोटे संगणक) सीटखाली आणि डिकीत बसवलेले असतात, त्यामुळे कारण कोणतंही असो, ओल महागात पडते.

## टप्पा ४: स्कॅन

बाजारात मिळणारा स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनच्या दोषांचे कोड दाखवतो. इथे सगळ्या मॉड्यूलचा रिपोर्ट लागतो आणि त्यावर चासी नंबर छापलेला हवा. नाहीतर दुसऱ्याच गाडीचा कागद हातात येऊ शकतो.

रिपोर्ट एकदम कोरा असेल तर आनंद मानू नका. दहा वर्षांच्या गाडीत दोन-चार जुने कोड असणं साहजिक आहे. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा यंत्रात मिळतो. तो पाच-दहा किलोमीटर असेल तर कोड तुमच्यासाठीच पुसलेले आहेत. कोडसोबत हे आकडेही लिहून घ्या:

- मीटरवरचे किलोमीटर आणि इतर मॉड्यूलमध्ये नोंदलेले किलोमीटर. मीटर मागे फिरवणारे सगळी मॉड्यूल फिरवत नाहीत.
- प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन, म्हणजे डिझेलच्या मात्रेत संगणकाने केलेली दुरुस्ती. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार वेगळा दिसला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासायला हवं.
- डीपीएफमधली काजळी, राख आणि शेवटच्या रिजनरेशनपासूनचं (काजळी जाळून डीपीएफ साफ होण्यापासूनचं) अंतर.
- इंजिनचं तापमान. वीस मिनिटं चालवूनही ८० अंशांच्या पुढे जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. तसं असलं की डीपीएफ स्वतःला साफ करू शकत नाही.

## टप्पा ५: चालवून बघणं

किमान चाळीस मिनिटं चालवा. पहिली दहा मिनिटं थंड गिअरबॉक्सची. पहिला-दुसरा-तिसरा गिअर बदलताना धक्का बसतो का, उभ्या गाडीत डी आणि आर टाकताना खट् असा आवाज येतो का, ते बघा.

मग मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू आठचा आकडा काढा. गाडी अडकत, उड्या मारल्यासारखी चालली तर ट्रान्स्फर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) संशय जातो. लगेच उतरून टायर बघा. फोर व्हील ड्राइव्हच्या या गाड्यांना चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे आणि जवळपास सारखे झिजलेले लागतात. दोन नवे आणि दोन गुळगुळीत अशी जोडी असली की पुढच्या-मागच्या चाकांच्या परिघातला फरक ट्रान्स्फर केसचा क्लच सतत घासत राहतो. टायरवरच्या शेवटच्या चार अंकांवरून वय कळतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

शेवटी घाट. पुण्यात असाल तर खंबाटकी किंवा कात्रज, मुंबईकडे खोपोली-खंडाळा. एसी चालू ठेवून चढा. तापमान वर जाता कामा नये, आणि मध्येच ताकद जाऊन गाडी सुस्त पडता कामा नये. उतारावर ८० च्या वेगातून ब्रेक दाबा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडे आहेत.

## टप्पा ६: रॅम्पवर

विक्रेत्याने सुचवलेल्या गॅरेजमध्ये जाऊ नका. गॅरेज तुमचं आणि तपासणीचे पैसेही तुमचे. खालचं प्लास्टिक कव्हर काढायला लावा. कव्हर न काढता केलेली तपासणी निरुपयोगी आहे, कारण गळलेलं तेल त्यावरच साचतं.

लोअर आर्मचे बुश फाटलेत का, प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग आणि रबर कपलिंग कसं आहे, एअर स्प्रिंगच्या घड्यांना चिरा आहेत का हे बघा. साबणाचं पाणी फवारलं की गळती बुडबुड्यांनी दिसते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने मोजून तिच्याशी ताडून बघा.

एका गळतीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे निदान फार वेळा चुकतं. मर्सिडीजच्या ओएम६४२ या व्ही-सिक्स डिझेलमध्ये ऑइल कूलर दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत, टर्बोखाली बसवलेला असतो. त्याची सील उष्णतेने कडक होतात. गळलेलं तेल खोबणीत साचून मागे ओघळतं आणि गिअरबॉक्सच्या तोंडापाशी खाली टपकतं. खालून बघणारा मिस्त्री म्हणतो, ‘मागचं क्रँक सील गेलं’, आणि गिअरबॉक्स उतरवतो. सील बदलून होतं, बिलही होतं आणि महिन्याभरात तेल पुन्हा टपकतं. या इंजिनमध्ये मागून तेल दिसलं तर आधी वरून, टॉर्च आणि बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) लावून खोबणी तपासायची. मूळची नारिंगी सील कंपनीने नंतर बदलून जांभळ्या रंगाची जास्त टिकाऊ सील दिली. ती आधीच बसवल्याचं बिल मालकाकडे असेल तर त्या गाडीला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

लँड रोव्हरच्या २.७ आणि ३.० टीडीव्ही६ डिझेलमध्ये दोन टायमिंग बेल्ट असतात, एक पुढे आणि एक मागे डिझेल पंपाचा. ‘बेल्ट बदललाय’ म्हटलं तर ‘दोन्ही का?’ असं विचारा आणि बिलावर दोन्ही दाखवायला सांगा. या इंजिनांत क्रँकशाफ्ट तुटण्याचे प्रकार झालेले आहेत. त्यामुळे वेळेवर ऑइल बदलल्याची बिलं नसतील तर ती गाडी सोडून द्या.

## टप्पा ७: भाव, पैसे, नाव

टप्पा ३ ते ६ मध्ये सापडलेला प्रत्येक दोष टप्पा १ च्या कागदातल्या भावाशी जोडा. ‘थोडं कमी करा’ म्हणण्यापेक्षा ‘पुढचे दोन्ही एअर स्प्रिंग आणि डिस्क, हा भाव, हा पार्ट नंबर’ म्हटलं की बोलणं लवकर संपतं.

टोकन लहान ठेवा आणि पावतीवर अट लिहून घ्या: तपासणीत किंवा कागदांत दोष निघाल्यास टोकन परत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, म्हणून सगळं बँकेतून द्या. कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम थेट बँकेच्या कर्जखात्यात भरा.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विक्रेत्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर ४५ दिवसांत. विमा १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो. त्यामुळे हप्त्याचा फरक भरावा लागेल.

तपासा: ताबा घेताना तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट, दोन्ही चाव्या, आणि व्हील लॉकची सॉकेट. ही बोटाएवढी सॉकेट टूलकिटमध्ये नसेल तर रस्त्यात पंक्चर झाल्यावर चाक निघणार नाही.

## टप्पा ८: पहिले हजार किलोमीटर

‘नुकतीच सर्व्हिस झालीय’ हे वाक्य विसरा. सगळं पाणी-तेल बदलून नवी सुरुवात करा.

इंजिन ऑइल. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचं ऑइलच लागतं. डब्यावर मर्सिडीजसाठी २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यूसाठी एलएल-०४, ऑडीसाठी ५०७.०० हा आकडा छापलेला हवा. नुसतं ५डब्ल्यू-३० लिहिलेलं चालत नाही. या इंजिनांना साधारण साडेसहा ते नऊ लिटर ऑइल लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. डॅशबोर्ड पुढची सर्व्हिस कितीही लांबची दाखवो, दर आठ-दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला ऑइल बदला. आपली धूळ, ट्रॅफिक आणि उष्णता बघता चेन आणि टर्बो वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

गिअरबॉक्स. बीएमडब्ल्यू, ऑडी आणि लँड रोव्हरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स असतो. त्यातलं ऑइल ‘आयुष्यभराचं’ असं सांगितलं जातं, पण झेडएफ स्वतः ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. फिल्टर खालच्या प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणून पॅनसकट बदलावा लागतो. पातळी इंजिन चालू ठेवून, ठरावीक तापमानालाच बघायची असते. गार गाडीत अंदाजाने भरलं तर गिअर घसरू लागतात आणि दोष गिअरबॉक्सवर ढकलला जातो.

कूलंट आणि ब्रेक ऑइल. निळं, हिरवं, गुलाबी कूलंट एकत्र करू नका. पूर्ण काढून कंपनीने सांगितलेलंच भरा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी.

बॅटरी. कमकुवत बॅटरीमुळे भलतेच कोड उमटतात, म्हणून कोणताही इलेक्ट्रॉनिक दोष शोधण्याआधी बॅटरीची चाचणी करा. बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी यंत्राने नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर गाडी ती जुनीच समजून चार्ज करत राहते आणि नवी बॅटरी लवकर संपते.

बीएस६ डिझेल असेल तर ॲडब्लूची (धूर शुद्ध करायला लागणारा द्रव) टाकी वेगळी असते. ते डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीही फिरवू नका, गाडी टो करून न्या.

## टप्पा ९: दुरुस्तीचा खर्च आवरणं

आधी दोष, मग पार्ट. ‘हे बदलून बघू’ असं म्हणणाऱ्या गॅरेजला थांबवा. निदानाचे वेगळे पैसे आनंदाने द्या. एअर सस्पेन्शनचं उदाहरण घ्या. स्प्रिंगला बारीक चीर पडते. गाडी समतल ठेवण्यासाठी कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालू होतो, तापतो आणि जळतो. डॅशबोर्डवर कॉम्प्रेसरचा दोष दिसतो, म्हणून गॅरेज तोच बदलतं. चीर तशीच राहते आणि काही महिन्यांत नवा कॉम्प्रेसरही जातो. योग्य क्रम असा: गळती शोधा, स्प्रिंग बदला, मग कॉम्प्रेसर तपासा, आणि तो बदलावाच लागला तर त्याचा रिलेही सोबत बदला. रिले चिकटून राहिला तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही.

डीपीएफचंही तसंच आहे. रोज पाच किलोमीटर ऑफिस आणि परत, अशी चालणारी गाडी काजळी जाळू शकत नाही. अर्धवट जळण्याच्या प्रयत्नात डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर सलग चालवा. तरी दिवा आला तर थर्मोस्टॅट, प्रेशर सेन्सर आणि इंजेक्टर तपासून मगच यंत्राने रिजनरेशन करा. ‘डीपीएफ काढून टाकतो, कटकटच नको’ या सल्ल्याला बळी पडू नका. तो नियमबाह्य आहे आणि तशी गाडी पुढे विकताना अडते.

एकदा उघडलं की शेजारचंही करा. या गाड्यांत मजुरी पार्टपेक्षा जड असते. ओएम६४२ चं ऑइल कूलर सील बदलताना इनटेक मॅनिफोल्ड आणि टर्बो उतरतो. त्याच वेळी मॅनिफोल्डची गॅस्केट, टर्बोच्या तोंडाचं सील आणि खोबणीतले जुने होज बदला, आणि तेलात भिजलेली स्वर्ल मोटर (आत जाणाऱ्या हवेच्या झडपा फिरवणारी) तपासा. चेनसाठी गिअरबॉक्स खाली आला तर मागचं क्रँक सील आणि गिअर ऑइल. एअर स्प्रिंग, डिस्क आणि पॅड नेहमी जोडीने.

पार्ट कुठला घ्यायचा. कंपनीच्या डब्यातला पार्ट बनवणारीच संस्था तोच पार्ट स्वतःच्या डब्यात स्वस्त विकते. लेमफर्डरचे आर्म, मान आणि माहलेचे फिल्टर, एलरिंगची गॅस्केट, टेक्स्टारचे पॅड निर्धास्त वापरा. टायमिंग चेन, सेन्सर आणि सीलच्या बाबतीत मात्र बिननावाचा माल नको. बॉडी पॅनेल, आरसे, सीट यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या मालाच्या बाजारात जायला हरकत नाही. जुनं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मात्र घेऊ नका. ऑडीत दुसऱ्या गाडीचं मॉड्यूल कॉम्पोनंट प्रोटेक्शन या चोरीविरोधी सोयीमुळे लॉक राहतं, मर्सिडीजमध्ये बऱ्याच मॉड्यूलना ऑनलाइन कोडिंग लागतं.

एस्टिमेटची पद्धत. प्रत्येक पार्टचा नंबर, पार्ट आणि मजुरी वेगवेगळी, आणि ‘लेखी परवानगीशिवाय पुढचं काम नाही’ अशी ओळ. जुने पार्ट परत मागा. कोडिंग, इंजेक्टरचा नंबर टाकणं, सस्पेन्शनची उंची सेट करणं, अलाइनमेंट ही कामं एस्टिमेटमध्ये दिसत नसतील तर विचारा. ती न करता गाडी हातात आली तर दुरुस्ती अर्धीच झालेली असते.

विमा. झिरो डेप (घसारा न कापणारं विमा कव्हर) नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीच्या दाव्यातले ५० टक्के तुमच्या खिशातून जातात. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के कपात, दहा वर्षांपुढे ५० टक्के. हेडलाइट आणि बंपर प्लास्टिकचेच, त्यामुळे छोट्या धडकेतही मोठी रक्कम भरावी लागते. जुन्या गाडीला झिरो डेप देणारी कंपनी शोधायला दोन दिवस गेले तरी चालतील. पावसाळ्याआधी इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने झालेल्या इंजिनच्या नुकसानीचं विमा कव्हर) घ्या. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये असताना मारलेला एक सेल्फ कनेक्टिंग रॉड वाकवतो.

## टप्पा १०: दुरुस्ती करायची की काढून टाकायची

सुरक्षेची कामं, कूलिंगची कामं आणि ऑइल गळतीची दुरुस्ती लांबवू नका. आवाज, ट्रिम, मागच्या स्क्रीनचे दोष पुढे ढकलता येतात. एकाच दुरुस्तीचं एस्टिमेट गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेलं तर काम सुरू करण्याआधी दोन ठिकाणी गाडीचा भाव काढा, जशी आहे तशी आणि दुरुस्त करून. दोन्हींतला फरक एस्टिमेटपेक्षा बराच कमी असेल आणि पुढच्या वर्षात आणखी एक मोठं काम दिसत असेल तर दोष सांगून, कमी भावात विका.

विकताना फॉर्म २९ ची पोच स्वतःकडे ठेवा आणि जुना फास्टॅग ताबा दिल्याच्या दिवशीच बंद करा. वाहन पोर्टलवर नव्या मालकाचं नाव दिसेपर्यंत डिलिव्हरी नोट फाइलमधून काढू नका. आरसीवर ज्याचं नाव, कायद्याने जबाबदार तोच.